आत्म्याचा पुरावा कोणी ठरवला? केडगाव, टोपेका आणि एक सिद्धांत

१/ पेंटेकॉस्टल चळवळीचा इतिहास सांगताना एक वाक्य हमखास येते: ही चळवळ १९०६ साली लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर जन्मली आणि तेथून जगभर पसरली. हे वाक्य अपुरे आहे, आणि हा अपुरेपणा निरागस नाही. त्याच्यामागे एक धर्मसिद्धांत उभा आहे. आजचा धागा त्या सिद्धांताविषयी.

२/ असेंब्लीज ऑफ गॉड ही संघटना एप्रिल १९१४ मध्ये अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात, हॉट स्प्रिंग्ज येथे स्थापन झाली. १९१६ मध्ये तिने आपल्या मूलभूत सत्यांचे निवेदन स्वीकारले. ख्रिस्तावरील विश्वासाने तारण, पाण्यात बुडवून बाप्तिस्मा, ख्रिस्ताचे पुनरागमन या गोष्टी इतरही अनेक इव्हँजेलिकल मंडळ्यांना मान्य होत्या. वेगळेपण एका कलमात होते.

३/ ते कलम असे: तारणानंतर विश्वासणाऱ्याला ‘पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा’ हा स्वतंत्र अनुभव मिळतो, आणि तो मिळाल्याचा प्रारंभिक शारीरिक पुरावा म्हणजे अन्य भाषांत बोलणे. पुरावा एकच, आणि सर्वांसाठी तोच. एफ. एफ. बॉसवर्थ या नामांकित प्रचारकाला हे पटले नाही. १९१८ मध्ये तो संघटनेबाहेर पडला. संघटना मात्र कलमावर ठाम राहिली.

४/ हे सूत्र आले कोठून? कॅन्सस राज्यातील टोपेका येथे चार्ल्स परहॅम याची एक छोटी बायबल शाळा होती. आत्म्याच्या बाप्तिस्म्याचा पुरावा कोणता, असा प्रश्न तेथे ‘प्रेषितांची कृत्ये’ समोर ठेवून विचारला गेला. १ जानेवारी १९०१ रोजी ॲग्नेस ओझमन ही विद्यार्थिनी अन्य भाषेत बोलली, असे सांगितले जाते.

५/ आधार कितपत पक्का? ‘कृत्ये’च्या २, १० आणि १९ या अध्यायांत आत्मा उतरल्यावर लोक अन्य भाषांत बोलतात. परंतु ८व्या अध्यायात, शोमरोनात, आत्मा मिळतो आणि भाषांचा उल्लेखही नाही. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात, १२व्या अध्यायात, सगळेच अन्य भाषा बोलतात काय, असा पौलाचा प्रश्न आहे. त्याचा रोख नकाराकडे आहे. तीन प्रसंगांवरून सार्वकालिक नियम काढणे हे अनुमान आहे. त्याला ग्रंथाची आज्ञा म्हणू नये.

६/ परहॅमचा दावा याहूनही मोठा होता. त्याच्या मते या भाषा जगातल्या खऱ्याखुऱ्या बोली होत्या; मिशनऱ्याला परभाषा शिकण्याची गरजच उरणार नव्हती. अझुसा स्ट्रीटवरून निघालेले आल्फ्रेड आणि लिलियन गार हे दांपत्य आपल्याला बंगाली मिळाली आहे, या विश्वासाने कोलकात्याला आले. बंगाल्यांना ती भाषा कळली नाही.

७/ अनुभवाने खोटे ठरलेले मत सोडावे, अशी अपेक्षा असते. येथे भाषेचा व्यावहारिक अर्थ तेवढा सोडून दिला गेला. ‘पुरावा’ मात्र तसाच राहिला. ज्या कसोटीचे मूळ प्रयोजन कोसळले, तीच पुढे सिद्धांत म्हणून लिहिली गेली.

८/ आता केडगावला या. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात दुष्काळातून वाचवलेल्या मुली आणि बालविधवा राहत होत्या. जून १९०५ मध्ये, म्हणजे अझुसा स्ट्रीटच्या आदल्या वर्षी, तेथे जागृती सुरू झाली. रडणे, पापांची कबुली, रात्ररात्र प्रार्थना. एका मुलीच्या अंगावर ज्वाला दिसल्या म्हणून सोबतची मुलगी पाण्याची बादली आणायला धावली, अशी हकिकत तेथील सहकारी मिनी एब्रम्स यांनी नोंदवली आहे.

९/ यावर आक्षेप ठरलेला असतो: “पण मुक्तीत अन्य भाषा १९०५ मध्ये नव्हत्या, नंतर आल्या.” तपशील म्हणून हे मान्य. एब्रम्स यांच्या १९०६च्या पुस्तकात हा विषय आला तोही सुधारित आवृत्तीत. परंतु आक्षेपाची घडण पाहा. भाषा आल्या तरच आरंभ, हे ज्याने ठरवले त्याच्याच मोजपट्टीने केडगाव मोजले जाते, आणि मग ते आखूड भरते.

१०/ आणि ही मोजपट्टी धरणारे हात कोणाचे? परहॅम वंशभेदाचा समर्थक होता. ह्यूस्टन येथे त्याच्या वर्गात कृष्णवर्णीय विल्यम सीमोर यांना खोलीबाहेर बसून ऐकावे लागले. तेच सीमोर पुढे अझुसा स्ट्रीटचे नेते झाले, आणि प्रेमाविना भाषा हा पुरावा नव्हे, या मताला आले. अझुसाचा उत्सव करणारे आपल्या नायकाचे हे मत क्वचितच सांगतात.

११/ अझुसाच्या पिढीलाही पूर्वेचे ऋण ठाऊक होते. तेथील साक्षीदार फ्रँक बार्टलमन याने १९२५च्या आपल्या पुस्तकात वेल्स आणि हिंदुस्थान यांना लॉस एंजेलिसच्या आधीचे स्थान दिले. विसर नंतर पडला. सिद्धांताने तो सोपा केला.

१२/ केडगावचा धागा दुसरीकडेही गेला. एब्रम्स यांनी आपले पुस्तक चिलीतील वालपराइसो येथे, जुन्या वर्गमैत्रीण मे हूवर यांना पाठवले. त्यांचे पती विलिस हूवर तेथे मेथडिस्ट मिशनरी होते. १९०९ मध्ये त्या मंडळीत जागृती झाली आणि चिलीची पेंटेकॉस्टल चळवळ उभी राहिली. तिच्यात अन्य भाषा हे अनेक चिन्हांपैकी एक मानले गेले. लॉस एंजेलिसला वळसा घालून केडगावहून निघालेला हा मार्ग नकाशावर का नसावा?

१३/ स्वतः रमाबाईंचे मत स्पष्ट होते. भाषांचे दान त्यांनी नाकारले नाही. तेच एकमेव आणि आवश्यक चिन्ह, हे मात्र नाकारले. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही, आपली श्रद्धा पाद्र्यांनी ठरवावी हे ज्यांनी मानले नाही, त्या बाई टोपेकाचे सूत्र मुकाट्याने कशा स्वीकारतील?

१४/ आपणही निर्दोष नाही. रमाबाईंचे चरित्र आपण शारदा सदन, धर्मांतर आणि टिळकांशी वाद येथवर आणून बहुधा मिटवतो. १९०५च्या मुली अमेरिकी इतिहासात उशिरा आलेल्या ठरतात; आपल्या इतिहासात त्या आलेल्याच नाहीत.

१५/ केडगावात आत्मा उतरला की नाही, हे सांगणे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम नव्हे. ज्यांची श्रद्धा आहे, त्यांची ती राहो. परंतु श्रद्धेचे कलम जेव्हा जन्मदाखला वाटू लागते, तेव्हा दाखला तपासणे आमचे काम आहे. या चळवळीला एकच जन्मगाव नाही. केडगावलाही मी ते मखर देणार नाही.

१६/ शेवटी एक गोष्ट. परभाषा कष्टाविना मिळेल, या आशेवर काही लोक समुद्र ओलांडत होते. त्याच काळात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणत होत्या. मृत्यूपर्यंत, १९२२ पर्यंत, हे काम चालले. ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. अन्य भाषेचा हा पुरावा छापील आहे, आणि तो वाचता येतो.

(धागा समाप्त)