पदवी मिळाली, हात तयार झाला काय?

प्रतिवर्षी आंतरवासिता संपली की आपल्या परिसरातील दवाखान्यांच्या दारात नवे वैद्य उभे राहू लागतात. हातात पदवी, महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषदेचे नोंदणीपत्र, आणि ओठांवर एकच प्रश्न : "सर, कुठे आरएमओची जागा आहे का?" पिंपरी, भोसरी, मोशी, चाकण, महाळुंगे या पट्ट्यात अशी जागा मिळतेही. रात्रपाळीच्या डॉक्टरची निकड असलेली लहान रुग्णालये येथे पुष्कळ आहेत. त्यामुळे बीएएमएस झालेल्यास नोकरी नाही, हे विधान निदान आपल्या भागापुरते खरे नाही. मात्र ही नोकरी साडेपाच वर्षांत शिकलेल्या शास्त्रासाठी मिळत नाही. ती नोंदणी क्रमांकासाठी आणि अल्प वेतनात राबण्याच्या तयारीसाठी मिळते. हे सत्य कटू असले तरी आपणा सर्वांना ठाऊक आहे. या स्थितीचा दोष विद्यार्थ्याच्या नशिबावर टाकून चालणार नाही. तो शिक्षणाच्या रचनेत आहे, आणि त्यावरील उपायाचा काही भाग आपल्याच हाती आहे, एवढे मांडण्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम स्वानुभव सांगतो. वीस वर्षांपूर्वी भोसरीतील एका लहान रुग्णालयात मी रात्रपाळीवर रुजू झालो. दुसऱ्याच रात्री दोनच्या सुमारास पॉवर प्रेसमध्ये हात सापडलेल्या एका कामगारास त्याच्या सहकाऱ्यांनी रिक्षातून आणले. सद्योव्रणाचे छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित आणि घृष्ट हे सहाही भेद मला मुखोद्गत होते. परीक्षेत त्यावर उत्तम गुणही मिळाले होते. समोरचा व्रण पिच्चित आहे, हे मी तत्क्षणी ओळखले. परंतु रक्तस्राव थांबविण्यासाठी दाब कोठे व किती वेळ द्यावयाचा, तुटून पडलेले बोट कसे पाठवावयाचे, रुग्णास कोठे धाडावयाचे, पोलिसांना केव्हा कळवावयाचे आणि कागदावर काय लिहावयाचे, यांतील एकही गोष्ट माझ्या हातांना ठाऊक नव्हती. मला सावरले ते तेथील एका ज्येष्ठ परिचारिकेने. तुटलेला भाग सलाईनने ओल्या केलेल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून पिशवीत घालावा, ती पिशवी बर्फावर ठेवावी, बर्फ थेट लावू नये, हे मी त्या रात्री तिच्याकडून शिकलो. तो कामगार वेळेत योग्य ठिकाणी पोहोचला, याचे श्रेय तिचे आहे. मला वाटलेली लाज मात्र आजही ताजी आहे.

संहितेचा क्रम आणि आपला क्रम

या लाजेचे मूळ शास्त्रात नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय योग्यासूत्रीय आहे आणि त्याला लागूनच दहावा विशिखानुप्रवेशनीय. हा क्रम योगायोगाचा नाही. शिष्याने सर्व शास्त्र आत्मसात केले असले तरी योग्या, म्हणजे हातांचा अभ्यास, केल्यावाचून तो कर्मास अपात्र आहे, असे सुश्रुताचार्य निःसंदिग्धपणे सांगतात. कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी यांवर छेदन. पाण्याने वा चिखलाने भरलेल्या कातडी पिशव्यांवर भेदन. कमळाच्या देठांवर वेधन. जाड वस्त्रावर सीवन. मनुष्याकृती पुतळ्यावर बंधन, अशी त्यांची पाठमाला आहे. त्यानंतरच्या अध्यायात शिष्य विशिखेत, म्हणजे व्यवसायाच्या वाटेवर, पाऊल टाकतो. राजाची अनुज्ञा, कापलेली नखे व केस, शुभ्र वस्त्रे, हाती छत्र व दंड, पायी पादत्राणे, मंगल भाषण, आणि रुग्णाचे परीक्षण कसे करावे, प्रश्न कसे विचारावेत, येथपर्यंतचा विचार तेथे आला आहे. आजच्या परिभाषेत बोलायचे तर एक अध्याय कौशल्य प्रयोगशाळेचा आणि दुसरा व्यवसाय मार्गदर्शनाचा. 'करिअर' आणि 'स्किल' हे शब्द परके असतील. त्यांमागील विचार आपल्याच घरातला आहे.

चरकाचार्यांनी वैद्याचे चार गुण सांगितले : निर्मळ शास्त्रज्ञान, अनेकवार पाहिलेले प्रत्यक्ष कर्म, दाक्ष्य आणि शौच. आपली परीक्षापद्धती यांपैकी पहिल्याची कसून परीक्षा घेते. उरलेल्या तिन्हींची कसोटी लागते ती पदवीनंतर, रुग्णाच्या अंगावर.

गळती कोठे आहे?

अभ्यासक्रम अगदीच अचल राहिला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९७० च्या कायद्याने निर्माण झालेल्या केंद्रीय परिषदेच्या जागी २०२० च्या कायद्यान्वये भारतीय चिकित्सापद्धती राष्ट्रीय आयोग आला. आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी अठरा महिन्यांची तीन व्यावसायिक सत्रे आणि त्यापुढे एक वर्षाची आंतरवासिता अशी मांडणी केली. प्रारंभीचा परिचयपर कार्यक्रम आणि ऐच्छिक विषयही आणले. दिशा योग्य आहे. परंतु गळती होते ती आंतरवासितेच्या वर्षात. हे वर्ष म्हणजे आपली आधुनिक योग्या. प्रत्यक्षात अनेकांसाठी ते पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या तयारीचे वर्ष ठरते. हजेरीवर सही होते, नोंदवही एका रात्रीत भरली जाते आणि दुपार शिकवणी वर्गात जाते. २०२० च्या कायद्यात राष्ट्रीय निर्गम परीक्षेचीही तरतूद आहे. ती परीक्षा केवळ पर्याय निवडण्याची राहिली, तर आंतरवासितेत उरलेसुरले रुग्णदर्शनही पुस्तकाखाली गाडले जाईल.

आपण ज्या औद्योगिक पट्ट्यात व्यवसाय करतो, तेथे याहून वेगळी रीत डोळ्यांसमोर आहे. आयटीआयमधून उत्तीर्ण झालेल्या फिटरला कारखानदार लगेच यंत्र सोपवीत नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली तो विद्यावेतन घेऊन उमेदवारी करतो, जुन्या कारागिराच्या हाताखाली चुकतो, सुधारतो आणि मग यंत्राजवळ उभा राहतो. लोखंडाच्या तुकड्यासाठी आपण एवढी सावधगिरी बाळगतो. मनुष्यदेहासाठी त्याहून कमी का?

शासनाने दिलेला धडा

दोन उदाहरणे विचारात घेण्याजोगी आहेत. २६ जानेवारी २०१४ रोजी राज्यात १०८ क्रमांकाची आपत्कालीन वैद्यकीय सेवा ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. या रुग्णवाहिकांवर डॉक्टर असतो, हे तिचे वैशिष्ट्य, आणि हे डॉक्टर मोठ्या प्रमाणावर बीएएमएस पदवीधर आहेत. पुढे २०१८ मध्ये घोषित झालेल्या आयुष्मान भारत योजनेतील आरोग्यवर्धिनी केंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून आपले असंख्य पदवीधर रुजू झाले. त्याआधी त्यांना सहा महिन्यांचे विशेष प्रशिक्षण घ्यावे लागले. ही उदाहरणे अभिमानास्पद आहेतच. कौशल्याची जोड मिळाली तर आपला पदवीधर कोठेही कमी पडत नाही, हे त्यांनी सिद्ध केले. पण ती अंतर्मुख करणारीही आहेत. साडेपाच वर्षांच्या शिक्षणानंतर ही जोड दुसऱ्या कोणीतरी द्यावी लागली, याचा अर्थ काय?

फार्मसीमालकांची बाजू

या त्रैमासिकाच्या वाचकांत फार्मसीमालक बरेच आहेत, आणि त्यांची तक्रार मला वारंवार ऐकू येते. औषधी द्रव्ये व सौंदर्यप्रसाधने नियमांनुसार आयुर्वेदीय औषधनिर्मिती पूर्णवेळ तांत्रिक व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावी लागते, आणि आयुर्वेदाची पदवी ही त्यासाठीची एक मान्य अर्हता आहे. २००० साली शेड्यूल टी आल्यापासून जागा, स्वच्छता, कच्च्या मालाची तपासणी आणि प्रत्येक बॅचच्या नोंदी यांची शिस्त बंधनकारक झाली. म्हणजे नोकरी कायद्यानेच राखून ठेवली आहे! तरीही मुलाखतीस आलेला उमेदवार पारदाचे अष्टसंस्कार क्रमवार सांगतो आणि बॅच रेकॉर्ड पुढे ठेवला की गप्प होतो. अशोकाच्या नावाने आलेली साल सीताअशोकाची की रस्त्याकडेच्या खोट्या अशोकाची, हे त्याला पोत्यातून ओळखता येत नाही. चूर्णातील ओलावा व राखेचे प्रमाण का तपासावयाचे, हे त्याने वाचलेले असते; तपासलेले नसते. मग मालक नाव वैद्याचे लावतो आणि काम दुसऱ्याकडून करवून घेतो. यात वैद्याचा मान जातो, औषधाचा दर्जा जातो आणि शेवटी रुग्णाचा विश्वास जातो.

एक आक्षेप

येथे एक आक्षेप येईल, आणि तो आदरपूर्वक ऐकण्याजोगा आहे. विद्यापीठ म्हणजे रोजगार विनिमय केंद्र नव्हे. आयुर्वेद हे जीवनाचे शास्त्र आहे. त्याला बाजाराच्या मागणीप्रमाणे कापले तर उद्या संहितांचे तास कमी करून इंग्रजी संभाषणाचे वर्ग भरविले जातील, असे ज्येष्ठ म्हणतात. ही भीती निराधार नाही. रोजगारक्षमतेच्या नावाखाली आयुर्वेद पुसट करून स्वस्त डॉक्टर घडविणे हाच हेतू असेल, तर मीही त्यास विरोधच करीन.

परंतु मला अभिप्रेत कौशल्य नेमके उलट दिशेचे आहे. आपल्या भागातील रुग्ण पाहा. रात्रपाळीने वातप्रकोप झालेला, अवेळी कॅन्टीनच्या जेवणाने अग्निमांद्य व अम्लपित्त जडलेला, असेंब्ली लाइनवर आठ तास वाकून कटिशूल घेऊन आलेला, फोर्जिंगच्या धगीत पित्ताने त्रासलेला, कूलंटच्या तेलाने हातांची त्वचा फाटलेला. रात्रिजागरण, विषमाशन, अतियोग यांवर आपल्याइतका सखोल विचार कोणी केला आहे? स्वस्थवृत्ताच्या अभ्यासक्रमात व्यवसायजन्य आरोग्याचा भाग आहेही. पण तो शिकणारा विद्यार्थी एकदाही कारखान्याच्या फाटकातून आत गेलेला नसतो. म्हणून तो एका खोलीत सहा जण राहणाऱ्या कंत्राटी कामगारास दिवसातून दोन वेळा ताजा क्वाथ करून घ्यावयास सांगतो. निदान अचूक, योग शास्त्रशुद्ध, आणि औषध कधीच पोटात जात नाही! वटी वा चूर्णाचा पर्याय, पाळीच्या वेळेनुसार औषधकाल, खर्चाचा अंदाज, बिहार वा ओडिशातून आलेल्या मजुराला कळेल अशा भाषेत पथ्य सांगणे, ही सारी कौशल्ये आयुर्वेद कमी करीत नाहीत. त्याला रुग्णापर्यंत पोहोचवितात.

काय करता येईल?

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आणि आयोगाकडे संघटनेने पुढील मागण्या कराव्यात, असे मी सुचवितो. पहिली, आंतरवासितेच्या वर्षात काही सप्ताह औषधनिर्मिती शाळेत, काही कारखान्याच्या आरोग्य केंद्रात आणि काही अनुभवी वैद्याच्या दवाखान्यात, अशी विभागणी असावी. दुसरी, नोंदवहीत हजेरीऐवजी कर्म नोंदवावे : इतके व्रणबंध, इतके बस्ती, इतक्या द्रव्यांची ओळख, इतके बॅच रेकॉर्ड, सही प्रत्यक्ष करवून घेणाऱ्याची. तिसरी, व्यवसायाचा कायदा हा परीक्षेचा विषय व्हावा. जैव वैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम, २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, जाहिरातींबाबत १९५४ चा जादूटोणा व औषधोपचार कायदा आणि आपल्या नोंदणीच्या मर्यादा न जाणता दवाखाना थाटणे म्हणजे राजाच्या अनुज्ञेवाचून विशिखेत शिरणेच होय. चौथी, निर्गम परीक्षेत प्रत्यक्ष कर्माला स्वतंत्र गुण असावेत आणि त्यात उत्तीर्ण होणे अनिवार्य करावे.

परंतु मागण्या करून आपली जबाबदारी संपत नाही. तयार पदवीधर मिळत नाही, अशी तक्रार करणारे आपणच, विद्यार्थ्याने दार ठोठावले की 'सध्या वेळ नाही' म्हणतो. रात्रपाळीला तुटपुंज्या वेतनावर त्याला राबविणारेही आपल्यातच आहेत. पंचकर्माचे गुपित मदतनिसाला कळते, आंतरवासीयाला नाही. उमेदवार घडविण्यास कारागीर तयार नसेल, तर शाळेला दोष देण्याचा त्याला काय अधिकार?

म्हणून आरंभ घरापासून करू या. पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील प्रत्येक सभासदाने वर्षातून एका आंतरवासीयास किमान एक महिना आपल्या हाताखाली घ्यावे, यथाशक्ति विद्यावेतन द्यावे, आणि महिनाअखेर त्याने काय केले व त्याला काय येत नाही, हे दोन ओळींत प्रामाणिकपणे लिहून द्यावे. फार्मसीमालकांनी एक टेबल, एक पोते आणि एक बॅच रेकॉर्ड त्याच्यापुढे ठेवावा. यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही. मी माझ्या दवाखान्यात येत्या सत्रापासून एक जागा ठेवीत आहे. शिकण्यास येणाऱ्याने चुका कराव्यात, अशी माझी तयारी आहे. त्या माझ्या नजरेखाली झालेल्या बऱ्या; रात्री दोन वाजता, एकट्याने, रुग्णाचा हात हातात धरून नकोत.