मंत्र्यांचं उत्तर म्हणजे उधारीची चिठ्ठी! वसुलीला कोण जाणार?



परवा एका वर्कशॉपमध्ये मी सहज विचारलं, "बजेटचं भाषण कोणी कोणी बघितलं?" जवळजवळ सगळे हात वर. मग विचारलं, "आपल्या धंद्याशी संबंधित मंत्र्यांनी संसदेत दिलेलं एखादं उत्तर कोणी वाचलंय?" एकही हात नाही. मागच्या बाकावरून एक जण म्हणाले, "सर, तिथे नुसता गोंधळ असतो. वाचायचं काय?"

त्यांचा वैताग मला समजतो. पण ते पूर्ण बरोबर नाहीत, आणि या गैरसमजाची किंमत आपण छोटे व्यावसायिकच मोजतो. म्हणून आज हा विषय.

आधी व्यवस्था समजून घ्या

अधिवेशन चालू असताना लोकसभेत सकाळी 11 ते 12 प्रश्नोत्तराचा तास असतो. राज्यसभेत तो दुपारी 12 ला सुरू होतो. लोकसभेत दिवसाला 20 तारांकित प्रश्न असतात, म्हणजे मंत्र्यांनी उभं राहून तोंडी उत्तर द्यायचं. शिवाय 230 पर्यंत अतारांकित प्रश्न, ज्यांची उत्तरं लेखी मिळतात. प्रश्नासाठी किमान 15 दिवस आधी नोटीस द्यावी लागते. प्रत्येक मंत्रालयाचा आठवड्यातला वार ठरलेला असतो. वाणिज्य, विमान वाहतूक, विमा (म्हणजे अर्थ खातं), माहिती-प्रसारण, सगळ्यांची पाळी येते.

तारांकित प्रश्नाची खरी ताकद उपप्रश्नात आहे. पहिलं उत्तर अधिकाऱ्यांनी लिहून दिलेलं असतं. दुसऱ्या प्रश्नाला मात्र मंत्र्यांचा स्वतःचा अभ्यास दिसतो. सभागृह गोंधळात बुडालं की छापील उत्तर पटलावर ठेवलं जातं, पण उपप्रश्न गेला तो गेलाच. म्हणून गोंधळ सत्ताधाऱ्यांमुळे झाला की विरोधकांमुळे, या वादात मला रस नाही. नुकसान ग्राहकाचं होतं, आणि इथे ग्राहक आपण आहोत.

एक प्रश्न काय करू शकतो?

1957 सालची गोष्ट. आयुर्विमा महामंडळ, म्हणजे आपली एलआयसी, स्थापन होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. तिने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांच्या शेअर्समध्ये सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवले. लोकसभेत प्रश्न आला, उत्तर गुळमुळीत मिळालं. फिरोज गांधींनी विषय सोडला नाही. ते सत्ताधारी पक्षाचेच खासदार, आणि पंतप्रधानांचे जावई! शेवटी न्यायमूर्ती छागला यांची चौकशी मुंबईत, लोकांसमोर झाली आणि 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

लक्षात घ्या, पहिल्या उत्तरावर समाधान मानलं असतं तर पॉलिसीधारकांचे पैसे कुठे गेले हे कोणाला कळलंच नसतं. काम झालं ते पाठपुराव्यामुळे.

"बघतो", "करतो", "विचाराधीन आहे"

मागे एका कंपनीकडे माझे ट्रेनिंगचे पैसे अडकले होते. दर वेळी फोन केला की एकच वाक्य, "पुढच्या आठवड्यात बघतो सर." सात महिने गेले. चूक माझीही होती. मी तारीख लिहून घेतली नव्हती.

आता मंत्र्यांच्या उत्तरातली ठरलेली वाक्यं बघा. "माहिती गोळा केली जात आहे." "विषय विचाराधीन आहे." "यात लक्ष घालू." आपल्या दुकानातल्या उधारीच्या भाषेत आणि या भाषेत काही फरक वाटतो का?

पण फरक आहे, आणि तो बहुतेकांना माहीत नसतो. अशी वाक्यं संसदेत "आश्वासन" म्हणून नोंदवली जातात. लोकसभेत 1953 पासून त्यासाठी सरकारी आश्वासन समिती आहे. आश्वासन तीन महिन्यांत पूर्ण करायचं, नाहीतर मुदतवाढ मागायची. म्हणजे आपल्याला एमएसएमई कायद्यात 45 दिवसांचा नियम आहे, तसा मंत्र्यांना तीन महिन्यांचा आहे! आणि 45 दिवसांच्या नियमाचं जे होतं तेच इथेही होतं: मागे लागणारा नसेल तर मुदत नुसती वाढत राहते.

चार खाती, चार प्रश्न

व्यापार: 8 डिसेंबर 2023 पासून कांदा निर्यातबंदी आली. 4 मे 2024 ला उठली, पण 40 टक्के शुल्क आणि किमान निर्यात मूल्य घेऊनच. मूल्याची अट त्या सप्टेंबरमध्ये गेली, शुल्क 20 टक्क्यांवर आलं, आणि ते पूर्ण गेलं 1 एप्रिल 2025 ला. ग्राहकाला कांदा स्वस्त मिळावा ही सरकारची बाजू मला मान्य आहे. पण लासलगावच्या छोट्या निर्यातदाराने परदेशातल्या ग्राहकाला शब्द कसा द्यायचा? माझा प्रश्न: असा निर्णय लागू करण्याआधी किमान किती दिवसांची सूचना देणार?

विमान सुरक्षा: 12 जून 2025 च्या अहमदाबाद अपघातात 260 जण गेले. त्यानंतरच्या अधिवेशनात मंत्र्यांना प्रश्न झाले. तपास चालू असताना "अंतिम अहवालाची वाट बघा" हे उत्तर टाळाटाळ नसून प्रामाणिकही असू शकतं, हे मान्य करू. पण त्याच वर्षी संसदीय समितीने सांगितलं की डीजीसीएतली जवळपास निम्मी मंजूर तांत्रिक पदं रिकामी आहेत. या प्रश्नाला कुठल्याही अहवालाची वाट बघावी लागत नाही: पदं कधी भरणार, तारीख सांगा.

विमा: वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झाला. 2024 मध्ये हीच मागणी झाली तेव्हा विषय जीएसटी परिषदेकडे गेला होता. वर्षभर लोक मागे लागले, झालं. पण तुम्ही कामगारांसाठी ग्रुप पॉलिसी काढता, तिला ही सूट नाही. पाच-दहा माणसांच्या वर्कशॉपसाठी तरी ती का नसावी? हा पुढचा प्रश्न.

प्रसारण: हा तर माझ्याच पोटाचा विषय. नोव्हेंबर 2023 मध्ये प्रसारण सेवा विधेयकाचा मसुदा आला. 2024 मध्ये नव्या मसुद्याची चर्चा झाली आणि यूट्यूबवर व्हिडिओ करणारेही त्यात येणार का, म्हणून सगळे धास्तावले. ऑगस्ट 2024 मध्ये मंत्रालयाने आणखी चर्चा करून पुन्हा मसुदा आणू असं सांगितलं. चर्चा जरूर करा. पण मोबाईलवर स्वतःच्या मसाल्यांचा व्हिडिओ टाकणारी गृहिणी "प्रसारक" ठरणार की नाही, हे हो किंवा नाही मध्ये सांगा.

तुम्ही काय करायचं?

एक, संसदेच्या संकेतस्थळावर मंत्रालयानुसार प्रश्नोत्तरं शोधता येतात, फुकट. इंग्रजी आणि हिंदीत असतात. महिन्यातून एक तास द्या. सरकार कुठे चाललंय हे बातमी व्हायच्या आधी कळतं.

दोन, प्रश्न नीट लिहा. "व्यापाऱ्यांसाठी सरकार काय करतंय?" असं विचारलं की योजनांची यादी मिळेल. आकडा मागा, तारीख मागा, जबाबदार कोण ते विचारा. 150 शब्दांत बसवा.

तीन, एकट्याने जाऊ नका. तुमच्या व्यापारी संघटनेच्या लेटरहेडवर, अधिवेशनाच्या महिनाभर आधी, खासदारांच्या कार्यालयात द्या. पक्ष कुठला ते बघू नका. ते विचारतीलच याची खात्री नाही, पण न मागता तर नक्कीच मिळणार नाही.

चार, उत्तर आलं की फाइलला लावा आणि डायरीत तीन महिन्यांनंतरची तारीख टाका.

उधारी बुडते ती समोरचा वाईट असतो म्हणूनच असं नाही. बऱ्याचदा आपण मागायला लाजतो म्हणून बुडते. मंत्री उत्तर देतात कारण कोणीतरी विचारतं. आपण विचारलं नाही, तर ते दुसऱ्याच कोणाच्या प्रश्नाला उत्तर देत बसतील.

तुमच्या धंद्यातला एक प्रश्न, फक्त एकच, खाली कमेंटमध्ये लिहा. चांगले प्रश्न निवडून पुढच्या व्हिडिओत ते नीट कसे मांडायचे ते दाखवतो.

भेटूया. धंदा जोरात करा!