शेजारची कढई

१९८१ साली बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणीत तंबाखूला व्यापारी ठरवतील तोच भाव होता. शेतकरी नेते शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर बसले. ६ एप्रिलच्या पोलिसांच्या गोळीबारात बारा जण गेले. खरेदीदार एकमेकांशी चढाओढ करणं सोडतात, तेव्हा पिकवणारा नागवला जातो, हे या भागाने रक्त सांडून पाहिलंय.

म्हणजे धंद्यात चढाओढ हवीच, पण म्हणून शेजारचा स्पर्धक बुडावा असंही नव्हे. बेळगावचं गिऱ्हाईक कुंदा या दूध आटवून केलेल्या मिठाईचा तुकडा जिभेवर ठेवून दुसऱ्या दुकानात जातं. दूध किती आटलं, रंग किती खरपूस आला, त्याला नेमकं कळतं. शेजारची कढईच आपला हात सुधारते. तसंच बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत शेजाऱ्याची भट्टी बिघडली तर आपला फिटर जरूर पाठवावा. दराबद्दल मात्र त्याच्याशी अवाक्षरही काढू नये.