बुडालेली गाडी आणि धुतलेले पुरावे

पुरात बुडालेली गाडी सुरू करणं अवघड नाही. पुण्यात वारज्याला गॅरेज चालवणारा माणूस म्हणून हे मी सांगतो, आणि गिऱ्हाइकाला तेवढंच ऐकायचं असतं. पुढचं कुणाला ऐकायचं नसतं. ‘दोन दिवसांत गाडी दारात आणून उभी करतो’ म्हणणारा मेकॅनिक तुम्हाला फसवतो आहे, आणि बरेचदा तुम्हीही राजीखुशीने फसता आहात, कारण ती गाडी तुम्हाला ठेवायचीच नसते. दुसऱ्याच्या गळ्यात मारायची असते.

25 जुलै 2024 च्या पहाटे खडकवासला धरणातून मुठा नदीत सोडलेलं पाणी 35 हजार क्युसेकच्या घरात गेलं. सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत, निंबजनगरात लोक झोपेतून उठले तेव्हा खालच्या पार्किंगमधल्या गाड्यांची टपंसुद्धा दिसत नव्हती. लष्कर बोलवावं लागलं. वारज्यात नदीकाठच्या गोठ्यातली जनावरं बुडून मेली. डेक्कनच्या पुलाच्या वाडीत हातगाडी हलवताना तिघे विजेच्या धक्क्याने गेले. माणसं गेली त्या दिवसाबद्दल लिहिताना गाडीचा विषय काढायला मन धजत नाही. तरीही काढतो, कारण त्या पाण्यातून निघालेल्या गाड्या आज रस्त्यावर आहेत आणि त्यांतली प्रत्येक धड दुरुस्त झालेली आहे असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

पाणी ओसरल्यावर पहिला घात मालकच करतो. चिखल पुसतो, आत बसतो आणि सेल्फ मारतो. अहो, हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही! एअर फिल्टरवाटे सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असेल तर वर येणारा पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. नुसत्या सेल्फच्या जोरावर इंजिन जागीच लॉक झालं तर नशीब समजा. पण महामार्गाखालच्या तुंबलेल्या भुयारी मार्गातून गाडी दामटताना चालू इंजिनाने पाणी ओढलं, तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. मग हेड उघडायलाही काही उरत नाही. शेजारचा ‘एकदा चावी फिरवून बघ’ म्हणतो, मेहुणा ‘धक्का मारू’ म्हणतो. या दोघांना त्या दिवशी गाडीच्या आसपास फिरकू देऊ नका.

नीट करायचं काम कंटाळवाणं आहे आणि त्याला वेळ लागतो. आधी पाणी सीटपर्यंत होतं की डॅशबोर्डपर्यंत, ती चिखलाची रेघ दिसेल असे फोटो काढायचे. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची आणि गाडी टो करूनच न्यायची. ऑइलची कांडी काढून बघायची. ऑइल दुधाळ दिसलं की पाणी आत गेलं हे नक्की. पेट्रोल गाडीचे प्लग, डिझेलचे इंजेक्टर काढायचे आणि इंजिन आधी हाताने, पान्याने फिरवायचं, म्हणजे साचलेलं पाणी बाहेर येतं. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट, सगळे फिल्टर बदलायचे, आणि इंजिन ऑइल एकदा बदलून भागत नाही. टाकी उतरवून धुवायची. व्हील बेअरिंग, अल्टरनेटर, स्टार्टर उघडून बघायचे. आणि सीट व कार्पेट बाहेर काढायचे, कारण कार्पेटखालच्या फोममध्ये मुठेचा गाळ आणि शहराचं सांडपाणी मुरलेलं असतं. ते वरवर ड्रायर मारून जात नाही. एवढं सगळं झाल्याशिवाय चावीला हात लावायचा नाही.

पण खरा धोका इंजिनात नाही, वायरिंगमध्ये आहे. बुडालेली गाडी पहिल्या महिन्यात छान चालते. कनेक्टरच्या पिना हळूहळू हिरव्या पडत जातात. मग एके दिवशी पॉवर स्टिअरिंग जड होतं, एबीएसचा दिवा लागतो, गाडी चालता चालता बंद पडते. एअरबॅगचा कंट्रोल युनिट बहुतेक गाड्यांत मधल्या कन्सोलखाली, तळाला टेकून बसवलेला असतो. म्हणजे गुडघाभर पाण्यातही आधी तोच बुडतो. तो आणि सीट बेल्टचे प्रीटेन्शनर बदलण्याचा खर्च ऐकून मालक म्हणतो, ‘ते राहू द्या, गाडी तर चालते ना.’ आणि आमच्याच धंद्यातले नतद्रष्ट एअरबॅगच्या दिव्याची वायर दुसऱ्या दिव्याला जोडून देतात, म्हणजे चावी फिरवली की दिवा लागतो, विझतो, सगळं ठीक दिसतं. हे करणारा माणूस कारागीर नाही. पुढच्या अपघातात जो मरेल त्याच्या मरणात त्याचा वाटा आहे, आणि धंदाबंधू म्हणून त्याच्यावर पांघरूण घालायला मी तयार नाही.

विमा कंपन्यांबद्दलही स्पष्ट बोलतो. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीसाठी दमडी मिळत नाही, हे एजंटाने पॉलिसी विकतानाच सांगायला हवं. सर्वसमावेशक पॉलिसीत पूर हा धोका छापलेला असतो. पण त्याच कागदावर परिणामी नुकसान वगळलेलं असतं, आणि दुरुस्तीआधी गाडी चालवून नुकसान वाढलं तर ते मालकाच्या माथी, अशी अटही असते. या दोन ओळींच्या आधाराने इंजिनाचा दावा नाकारला जातो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबईकरांना याची ठेच लागली. पुढे इंजिन प्रोटेक्शनचं जादा कव्हर बाजारात आलं. म्हणजे पूर एका पॉलिसीत विकायचा आणि पुराने होणारं सगळ्यात मोठं नुकसान वेगळ्या हप्त्यात विकायचं! सर्व्हेअरचा पहिला प्रश्न असतो, ‘चावी फिरवली होती का?’ ज्याची गाडी पार्किंगमध्ये बंद उभी होती आणि पाणी चालत तिच्यापर्यंत आलं, त्याला हा प्रश्न विचारून गप्प करणं हा निव्वळ कोडगेपणा आहे. अशा माणसाने हार मानू नये. कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जावं. त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे, फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

पॉलिसीतला घसाऱ्याचा तक्ताही एकदा डोळ्यांखालून घाला. त्यात एअरबॅग ही रबर, प्लॅस्टिक आणि बॅटरीच्या रांगेत बसवली आहे. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, नसेल तर 50 टक्के घसारा. जीव वाचवणाऱ्या भागाची निम्मी किंमत मालकाच्या खिशातून काढायची आणि मग तो भाग बदलला गेला नाही म्हणून कुणीच जबाबदार नाही, ही व्यवस्था कुणी आणि कुणाच्या सोयीसाठी केली?

आता सगळ्यात घाणेरडा भाग. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा मूल्याच्या 75 टक्क्यांपुढे गेला की गाडी टोटल लॉस ठरते. मालकाला पैसे मिळतात आणि सांगाडा लिलावात जातो. मोटार वाहन कायद्याचं कलम 55 सांगतं की कायमची निकामी झालेली गाडी मालकाने 14 दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवावी, म्हणजे नोंदणी रद्द होईल. पण ‘दुरुस्त होऊ शकते’ एवढं म्हटलं की आरसी जिवंत राहते, आणि लिलावात खरी किंमत त्या आरसीलाच येते. नवी सीट कव्हरं, डॅशबोर्डला पॉलिश, वर अत्तराची बाटली, आणि गाडी दुसऱ्या जिल्ह्यात नाहीतर दुसऱ्या राज्यात ‘एक हात वापरलेली’ म्हणून उभी. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं, त्याच सप्टेंबरात पुण्यात आंबिल ओढ्याने गाड्या एकमेकींवर रचल्या, 2021 च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं. त्या सगळ्या गाड्या भंगारात गेल्या असं कुणाला वाटत असेल तर त्याने जुन्या गाड्यांच्या बाजारात जाऊन एखाद्या गाडीचा सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा. बेल्टच्या तळाला गाळाचा पट्टा सापडतो. स्टेपनीखालचा खड्डा, सीटच्या पट्ट्यांवरचा गंज, हेडलाइटच्या आतली पाण्याची रेघ, एवढ्या सगळ्या जागा धुणं कुणालाही जमत नाही.

अमेरिकेतही 2005 च्या कतरिना वादळानंतर बुडालेल्या गाड्या राज्याराज्यांत विकल्या गेल्या. पण तिथे निदान गाडीच्या मालकीपत्रावर पुराचा शिक्का मारण्याची पद्धत तरी आहे. आपल्या आरसीवर कर्ज कुठल्या बँकेचं ते छापलेलं असतं. गाडी नदीत होती हे छापायला जागा नाही. ही नोंद करणं कठीण आहे असं मला कुणी सांगू नये. पुराचा प्रत्येक दावा विमा कंपनीच्या संगणकात चेसिस नंबरासकट आहे आणि प्रत्येक गाडी नोंदणीच्या सरकारी ‘वाहन’ प्रणालीत आहे. दोन्ही जोडायच्या आहेत, बस्स. परिवहन विभागाने ते केलं, तर लिलावाचा भाव पडेल, दलालाची कमाई बुडेल आणि विमा कंपनीला सांगाड्याचे कमी पैसे मिळतील. म्हणून कुणालाच घाई नाही. बिनबोभाट फसतो तो मात्र पहिली गाडी घेणारा, चार पैसे जोडून पोरांना गावाला नेऊ पाहणारा माणूस.

मुठेवरचे शिवणे-नांदेड पूल आणि भिडे पूल पाण्याखाली गेले ही बातमी पावसाळ्यात नवी राहिलेली नाही, आणि धरणं भरली की पाणी सुटणारच आहे. तेव्हा गाडी पुरात सापडली असेल तर विकताना घेणाऱ्याला ते लिहून द्या. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या अशा गाडीच्या बिलावर ‘पुरात बुडालेली’ हे शब्द आणि पाण्याची उंची मी लिहितोच, आणि एअरबॅगचं काम न करता गाडी सोडत नाही. ज्याला हे नको असेल त्याने गाडी माझ्या दारात आणू नये.