छायाचित्राची पुष्पिका

आमच्या घरी कळंबा तलावाचे एक जुने कृष्णधवल छायाचित्र आहे. मागच्या बाजूस आजोबांच्या हातची पेन्सिलीतील नोंद : ‘कळंबा, अंदाजे १९५२. पाणी तळाला गेले तेव्हा.’ त्याची स्कॅन-प्रत केली, तर संगणकाने ती स्कॅनच्या तारखेखाली लावून टाकली. मागची ओळ फाइलच्या आत लिहावयास बसलो, आणि ‘अंदाजे’ या शब्दापाशी अडलो.

फाइलमधील अशा नोंदी बदलण्यासाठी फिल हार्वे यांनी २००३ पासून घडविलेले ‘एक्झिफटूल’ हे कमांड-लाइनवरचे मोफत साधन आहे. त्याच्या सामर्थ्याविषयी वाद नाही. वाद आहे तो गृहीतकांविषयी. एक्झिफच्या मूळ तारखेच्या रकान्यात त्याला वर्ष-महिना-दिवसच नव्हे, तास-मिनिट-सेकंदही हवे असतात. मग वापरणारा निमूटपणे ‘१ जानेवारी १९५२, रात्रीचे बारा’ असे लिहून मोकळा होतो. अज्ञानाची प्रामाणिक कबुली जाते आणि तिच्या जागी अचूकतेचे सोंग येते.

साहित्याच्या अभ्यासकाला हे खपता कामा नये. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२ नोंदलेले आहे. एकनाथांनी पाठशुद्धी केली ती शके १५०६ मध्ये, हेही नोंदलेले आहे. पोथीची पुष्पिका लेखनिक, स्थळ, काळ सांगते, आणि तिच्यावाचून पाठचिकित्सा पांगळी होते. संदिग्ध काळ निश्चित म्हणून ठोकून देणाऱ्या विद्यार्थ्याला आपण गुण देत नाही. छायाचित्राच्या बाबतीतच ही सूट कशासाठी?

‘हे तंत्रज्ञांचे काम, आपण बटणे दाबावीत’ असे उत्तर हमखास मिळते. ते चूक आहे. हजार छायाचित्रांवर एका आज्ञेने नोंद करता येते, आणि ती आज्ञा मजकूर म्हणून उरते : वाचता येते, तपासता येते, पुन्हा चालविता येते. बटण दाबल्याचा असा कोणताही लेखी माग राहत नाही. संपादनाची शिस्त मानणाऱ्यांना म्हणूनच कमांड-लाइन परकी वाटू नये.

मागण्या तीनच. पहिली : अंदाजाला अधिकृत जागा. आयएसओ ८६०१च्या २०१९ मधील दुसऱ्या भागात ‘१९५२~’ अशी खूण आहेच. ती साधनांनी स्वीकारावी. दुसरी : कोणी, केव्हा, कोणत्या आधारे बदल केला, हे आपोआप नोंदले जावे. एक्झिफटूल मूळ फाइलची प्रत राखून ठेवते खरे. पण जागा वाचविण्यासाठी आपणच ती सोय बंद करतो, आणि नुसती प्रत म्हणजे बदलाचा इतिहास नव्हे. तिसरी : मराठी. एक्झिफ संकेतात यूटीएफ-८ला मान्यता मिळाली ती २०२३ साली. एक्सएमपी पद्धतीत मात्र २००१ पासून नागरी मजकूर लिहिता येतो, भाषेची खूणही करता येते. तरीही एक्झिफटूलमधील रकान्यांची नावे जपानी, तुर्की, फिनिश भाषांत मिळतात, मराठीत नाहीत. ती घडविण्यास प्रोग्रामर लागत नाही, शब्दांची पारख लागते. मराठीचे विभाग आणखी कशासाठी असतात?

आजोबांची ओळ मी अखेर वर्णनाच्या रकान्यात लिहिली, ‘अंदाजे’सकट. मूळ तारखेचा रकाना मोकळा ठेवला आहे. संगणक अजूनही ते छायाचित्र स्कॅनच्याच तारखेखाली दाखवतो.