प्रतिहल्ला म्हणजे घाबरटपणा नव्हे



'फुटबॉल मॅनेजर' हा संगणकावरचा खेळ आता आपल्या शाळेतल्या बऱ्याच घरांत पोचला आहे. मधल्या सुट्टीत त्यावरून जे वाद रंगतात, त्यातला एक आम्हाला या अंकात घ्यावासा वाटतो. 'त्या खेळात काउंटर अटॅक चालतच नाही' असे छातीठोकपणे सांगणारा एक मोठा गट आहे. आमचे मत नेमके उलट आहे. प्रतिहल्ला चालतो, आणि दुबळ्या संघाला तर त्याच्यासारखा दुसरा आधार नाही. मात्र तो लावणारे बहुतेक जण प्रतिहल्ला लावतच नाहीत, नुसता बचाव लावतात.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यात बटणे दाबून चेंडू मारायचा नसतो. आपण संघाचे व्यवस्थापक असतो. खेळाडू निवडायचे, रचना ठरवायची, सूचना द्यायच्या आणि मग बाहेर बसून सामना पाहायचा. २०१८ साली आलेल्या आवृत्तीपासून या सूचनांचे तीन भाग झाले: चेंडू आपल्याकडे असताना, चेंडू समोरच्याकडे असताना, आणि चेंडू हातचा जातो किंवा हाती येतो त्या क्षणी. प्रतिहल्ल्याचे सगळे मर्म या तिसऱ्या भागात आहे.

आता आपली मंडळी काय करतात ते पाहा. समोर बलाढ्य संघ आला की मानसिकता 'अतिबचावात्मक' करायची, बचावफळी आपल्या गोलाजवळ ओढायची, वेग कमी करायचा, पास आखूड ठेवायचे आणि अकराच्या अकरा खेळाडूंना मागे बोलवायचे. मग चेंडू हिसकावला तरी द्यायचा कोणाला? पुढे माणूसच नाही. बचावपटू चेंडू कुठेतरी भिरकावतो आणि दहा सेकंदांत तो परत आपल्याच डोक्यावर. असे चाळीस वेळा झाले की एकदा गोल होणारच. सामना संपल्यावर दोष मात्र प्रतिहल्ल्याला.

मराठी मुलांना ही गोष्ट समजायला जड जाऊ नये, कारण इतिहासाच्या तासाला आपण उंबरखिंड शिकलो आहोत. फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखानाची फौज त्या अरुंद वाटेत पुरती शिरेपर्यंत महाराजांनी तिला येऊ दिले, आणि मग कोंडीत धरले. येऊ देणे हा डावाचा अर्धाच भाग होता. दुसऱ्या अर्ध्यासाठी माणसे जागेवर तयार होती. 'गनिमी कावा' हा शब्द आपण येता-जाता वापरतो, पण त्याचा अर्थ लपून बसणे असा कोणी घेत असेल तर त्याने तो धडा पुन्हा वाचावा.

फुटबॉलमधला सर्वांत सुंदर दाखला आमच्या मते २ जुलै २०१८ चा आहे. विश्वचषकात बेल्जियम विरुद्ध जपान, रशियातल्या रोस्तोव्ह शहरात. जपान २-० ने पुढे होता, बेल्जियमने २-२ केले आणि भरपाई वेळेच्या शेवटी जपानला कॉर्नर मिळाला. होंडाने तो घेतला. गोलरक्षक कूर्त्वाने चेंडू वरच्या वर झेलला, आणि खरी गोष्ट इथे सुरू होते. तो चेंडू पोटाशी धरून पडून राहिला नाही. त्याने लगेच तो डी ब्रॉयनेच्या पायात दिला. डी ब्रॉयने मैदानाच्या मधोमध धावत सुटला. लुकाकू पुढून तिरका पळाला, त्यामुळे बचावपटू त्याच्यामागे ओढला गेला आणि उजवीकडे मुनियेसाठी जागा मोकळी झाली. मुनियेचा जमिनीलगतचा क्रॉस आला, लुकाकूने त्याला पायही न लावता तो पुढे जाऊ दिला आणि मागून आलेल्या शादलीने गोल केला. सगळे मिळून साधारण दहा सेकंद! या दहा सेकंदांत लुकाकूने चेंडूला एकदाही स्पर्श केला नाही, तरी तो नसता तर गोल झाला नसता. शादली तर दुसऱ्या डावात बदली म्हणून आलेला, म्हणजे पायांत दम असलेला.

या एका गोलावरून खेळातल्या सूचना कशा लावाव्यात ते आपोआप कळते. चेंडू मिळताच 'प्रतिहल्ला' ही सूचना हवी, आणि गोलरक्षकाला 'चेंडू लवकर बाहेर दे' असे सांगायला हवे. चेंडू गेल्यावर मात्र 'पुन्हा रचनेत या' हे बरे, कारण दुबळ्या संघाने लगेच वर चढून चेंडू हिसकावायला जाणे म्हणजे मागे दार उघडे टाकणे. वेग जास्त, पास थेट आणि मोकळ्या जागेत. एकूण मानसिकता 'सावध' किंवा 'संतुलित' पुरे. बचावफळी थोडी खाली असावी, पण समोरच्याला अडवायला सुरुवात कुठे करायची ती रेषा मधल्या पट्ट्यात ठेवावी. मैदान साधारण १०५ मीटर लांब असते. आपल्याच चौकटीत चेंडू मिळाला तर समोरचा गोल ऐंशी-नव्वद मीटर लांब राहतो, आणि तेवढे अंतर धावून गेल्यावर कोणाच्या पायात नेम उरणार?

माणसांबद्दलही बोलले पाहिजे. सगळे जण वेगाचे आकडे बघून आघाडीपटू विकत घेतात. वेग हवाच. पण या खेळात प्रत्येक गुणाला १ ते २० असे आकडे असतात आणि त्यांत चेंडूविना हालचाल, अंदाज, निर्णय हेही असतात. १८ वेगाचा पण ७ अंदाजाचा खेळाडू वाऱ्यासारखा धावतो आणि ऑफसाइड होतो. त्याहून मोठी चूक म्हणजे चेंडू हिसकावणाऱ्याच्या पुढचा दुवा विसरणे. दृष्टी आणि पासिंग चांगले असलेला एक तरी मध्यरक्षक हवा, नाहीतर पुढचा वेगवान गडी हात वर करून नुसता उभा. २०२४ पर्यंतच्या आवृत्त्यांत प्रत्येकाला बचाव, आधार किंवा हल्ला अशी 'ड्यूटी' देता येते. निदान दोघांना हल्ला द्यावाच, मग चेंडूचा ताबा पस्तीस टक्के का असेना.

ताब्याच्या टक्क्यांनी घाबरणाऱ्यांनी लेस्टर सिटी आठवावी. २०१५-१६ च्या प्रीमियर लीगमध्ये रानिएरींचा हा संघ बहुतेक सामन्यांत चेंडू समोरच्याकडे सोडून ८१ गुणांनी अजिंक्य ठरला. मागे मॉर्गन आणि हुथ, मध्ये चेंडू टिपणारा कांते, तिथून ड्रिंकवॉटरचा किंवा माहरेझचा लांब पास, आणि पुढे २४ गोल करणारा व्हार्डी. पण याच गोष्टीचा उत्तरार्ध कोणी सांगत नाही. कांते चेल्सीला गेला, समोरचे संघ लेस्टरला मोकळी जागा देईनासे झाले, फेब्रुवारी २०१७ मध्ये रानिएरींना काढले आणि संघ बाराव्या स्थानावर राहिला. समोरचा स्वतःच मागे बसला तर प्रतिहल्ला कोणावर करायचा? संगणकावरही हेच होते. पहिल्या हंगामात आपण दुबळे असतो, सगळे आपल्यावर चालून येतात. दुसऱ्या हंगामात मान वाढतो आणि छोटे संघ आपल्यासमोर भिंत बांधतात. तेव्हा दुसरा डाव तयार हवा. हे आम्ही प्रतिहल्ल्याचे वकील असूनही मान्य करतो.

जाता जाता एक. हरलो की जुना जतन केलेला गेम पुन्हा उघडून तोच सामना जिंकेपर्यंत खेळणारे काही महाभाग आपल्यात आहेत. त्यांच्याशी डावपेचांवर वाद घालण्यात अर्थ नाही. एक सूचना बदला, चार सामने पाहा, मग बोला.

हे सर्व शाळेच्या वार्तापत्रात कशाला, असे काही पालक विचारतील. त्याचे कारण आमच्या मैदानावर आहे. आपली शाळा लहान. तालुक्याच्या स्पर्धेत समोर येणाऱ्या शाळांना निवडीसाठी तिप्पट मुले असतात. तरीही आपला संघ पहिल्या मिनिटापासून सगळेच्या सगळे पुढे धावतात, कारण मागे थांबणे कमीपणाचे मानले जाते. ज्याला खेळता येत नाही त्याला 'तू मागे उभा राहा' असे सांगायचे, आणि सर्वांत बुटक्या नाहीतर सर्वांत जाड्या मुलाला गोलात घालायचे, ही आपली जुनी रीत. ज्या गोव्याने ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलरक्षक भारताला कर्णधार म्हणून दिला, तिथे ही रीत असावी याचे आम्हाला नवल वाटते. ज्या मुलाला आपण शिक्षा म्हणून मागे ठेवतो, त्याच्याच पायातून प्रतिहल्ल्याचा पहिला पास निघायचा असतो. त्याला चेंडू मिळाल्यावर मान वर करून पाहायला कोणीच शिकवलेले नाही. मग तो घाबरून बाहेर मारतो आणि आपण त्याच्यावर ओरडतो.

म्हणून क्रीडाशिक्षकांना आमची विनंती आहे. शनिवारच्या शारीरिक शिक्षणाच्या तासाला वीस मिनिटे एकच सराव घ्यावा: सहा जणांनी हल्ला करायचा, चार जणांनी अडवायचे, आणि अडवणाऱ्यांनी चेंडू मिळवला की दहा सेकंदांत समोरच्या गोलावर फटका गेला पाहिजे. सरांनी शिट्टी आणि घड्याळ घेऊन उभे राहावे. आणि अडवणाऱ्या चौघांत दर आठवड्याला वेगळी मुले असावीत, नेहमी गोल करणारीसुद्धा. पावसाळ्यात मैदानावर पाणी साचते तेव्हा हा सराव सभागृहात लहान चेंडूने घेता येईल. घड्याळ धरायला आम्ही तयार आहोत.