वाळवंटात फरशीच बरी

फिनिक्समध्ये घर घेतलं की आपली मराठी मंडळी एका प्रश्नापाशी हमखास अडतात. खाली काय घालायचं? दुकानातलं लाकूड बघून जीव हरखतो. पण मला विचाराल तर इथे फरशीच!

वर्षातले बरेच महिने हवा कोरडी ठक्क. त्यात लाकूड आकसतं, फळ्यांमध्ये फटी पडतात. जुलै-ऑगस्टच्या दमट दिवसांत तेच परत फुगतं. कार्पेट तर धुळीच्या वादळातली माती पोटात साठवून बसतं. फरशीचं तसं नाही. इथल्या बहुतेक घरांना तळघर नसतं, काँक्रीटचा थर थेट जमिनीवर. त्यावर बसवलेली फरशी तळपायाची उष्णता झटकन ओढून घेते. २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४३ सेल्सिअस किंवा त्याहून जास्त होतं. अशा वेळी हा गारवा लाखमोलाचा.

मात्र चकचकीत फरशी नको. भारतातून आईबाबा राहायला येतात, ओल्या पायाने एकदा घसरले की संपलंच! थोडी खरबरीत घ्या, दिसायला साधी असली तरी चालेल. मेक्सिकन मातीची फरशी सुंदर असते, पण ती डाग शोषते, सीलर लावावाच लागतो. जानेवारीत पाय गारठतात, तेव्हा सतरंजी अंथरावी आणि मार्चमध्ये गुंडाळून ठेवावी.

असो. मे महिन्यातल्या दुपारी शहाबादी फरशीवर लोळून मोठे झालेल्यांना हे मी वेगळं काय सांगणार?